सावित्रीबाईंचे बालहत्या प्रतिबंधक गृह : कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या विधवांना आसरा देणारे घर

रायपूर : सावित्रीबाई फुले यांचे स्मरण दरवर्षी ३ जानेवारीला होते ते मुख्यतः शिक्षिका म्हणून. पुण्याच्या भिडे वाड्यातील मुलींची शाळा, शाळेच्या वाटेवर अंगावर झेललेले शेण आणि दगड, दलितांसाठी खुला केलेला घरचा हौद, हे प्रसंग शालेय पुस्तकांतून घरोघरी पोहोचले आहेत. त्यांच्या आयुष्यातील दुसऱ्या एका कार्याची चर्चा मात्र तुलनेने कमी होते. नको असलेल्या गर्भामुळे ज्या स्त्रीसमोर विषारी औषध, विहीर किंवा तुरुंग एवढेच मार्ग उरत होते, तिच्यासाठी फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या राहत्या घराचे दार उघडले. भारतातील गर्भपातविषयक कायद्याचा इतिहास सांगताना या घराचा उल्लेख टाळता येत नाही. स्त्रीला शिक्षा देणारा कायदा अस्तित्वात आला, तेव्हा तिला साहाय्य करणारी कोणतीही सरकारी व्यवस्था नव्हती, आणि ती उणीव प्रथम भरून काढणाऱ्यांत सावित्रीबाई होत्या.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. खंडोजी नेवसे पाटील हे त्यांचे वडील आणि लक्ष्मीबाई या आई. वयाच्या नवव्या वर्षी, १८४० साली, त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवले आणि पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. या कामाबद्दल समाजाचा रोष इतका होता की १८४९ साली पती-पत्नीला जोतीरावांच्या वडिलांचे घर सोडावे लागले. तरीही शाळा बंद पडल्या नाहीत, उलट त्यांची संख्या वाढत गेली. १८५४ साली ‘काव्यफुले’ हा सावित्रीबाईंचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला.

मुलींना शिकवत असतानाच त्या काळच्या पुण्यातील एका मोठ्या दुःखाशी त्यांचा परिचय झाला. उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत, नवरा अनेकदा वयाने बराच मोठा असे, आणि साथीचे रोग तर नेहमीचेच होते. त्यामुळे संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आलेल्या मुली घरोघरी होत्या. केशवपन, एकवेळचे जेवण, अंधारी खोली आणि घरातील सर्व कष्टांची कामे हे त्यांच्या वाट्याला येत असे. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीला पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क गमवावा लागे आणि जातीचा बहिष्कार वेगळाच. परिणामी तो कायदा बराच काळ कागदावरच राहिला. घरातीलच किंवा ओळखीतील एखाद्या पुरुषाने अशा असहाय विधवेचा गैरफायदा घेतला आणि ती गरोदर राहिली, तर पुरुष नामानिराळा राही. स्त्रीच्या वाट्याला मात्र ग्रामण्य, घटश्राद्ध आणि कायमचे बेघर होणे येई.

याच सुमारास देशात नवा दंडविधान कायदा लागू झाला. १८६० साली संमत झालेली भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात करणे हा गुन्हा ठरवला. स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात एवढाच त्याला अपवाद होता. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यानंतरच्या अवस्थेत सात वर्षांपर्यंत कारावासाची होती. स्वतःहून गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमाखाली गुन्हेगार ठरेल, असे स्पष्टीकरण कलमाखालीच जोडलेले होते. जन्मलेल्या मुलाला टाकून देणे आणि मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे यांसाठी ३१७ आणि ३१८ ही कलमे होती, तर जन्मलेले मूल मारल्यास तो सरळ खून होता.

हा कायदा पुण्यात जितका लागू होता तितकाच रायपुरातही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यानंतर छत्तीसगडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला आणि १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात रायपूर जिल्ह्याचा समावेश झाला. भोसल्यांच्या काळापासून या भागात वसलेली मराठी कुटुंबे आणि त्यांच्या शेजारची छत्तीसगढी कुटुंबे अशा रीतीने एकाच दंडविधानाखाली आली. गर्भवती विधवेला कोठे जायचे याचे उत्तर मात्र त्या संहितेच्या एकाही कलमात नव्हते.

पुण्यातील एका घटनेने ही उणीव फुले दांपत्यासमोर उघडी पडली. जोतीरावांचे निकटचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याच्या नादी लागून ती गरोदर राहिली. गर्भ पाडण्यासाठी तिने केलेले उपाय निष्फळ ठरले. मूल जन्माला आल्यावर लोकलज्जेच्या भयाने तिने त्याचा जीव घेतला आणि प्रेत विहिरीत टाकले. प्रकरण उघडकीस आले, खटला चालला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानात पाठवण्यात आले. त्या शास्त्र्याला मात्र कोणतेही कलम लागू झाले नाही. स्त्रीने गर्भ पाडला तर तुरुंग, मूल मारले तर अंदमान आणि मूल वाढवले तर समाजातून हकालपट्टी, अशी ही कोंडी होती.

या घटनेनंतर गोवंडे यांच्या संमतीने जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मणवस्तीच्या रस्त्यांवर, कोपऱ्याकोपऱ्यावरील भिंतींवर त्याची जाहीर पत्रके लावली गेली. गरोदर विधवांनी येथे येऊन गुपचूप आणि सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल आपल्याबरोबर न्यावे किंवा येथेच ठेवावे, असा त्या पत्रकांचा आशय होता. जी गोष्ट प्रत्येक घर झाकून ठेवत होते तिची अशी उघड जाहिरात करणे त्या काळी मोठ्या धाडसाचे होते. गर्भपात करून देण्याची सोय या घरात नव्हती. कायद्याने ती शक्यही नव्हती आणि संस्थेचा हेतूही तो नव्हता. स्त्रीला गर्भपाताच्या जीवघेण्या उपायांकडे किंवा बालहत्येकडे ढकलणारी भीती दूर करणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

जाहीर पत्रके आणि पुढील पत्रव्यवहार जोतीरावांच्या नावाने झाला, तरी घर चालवण्याचे प्रत्यक्ष काम सावित्रीबाईंच्या हाती होते. रात्री-अपरात्री आलेल्या स्त्रीला आत घेणे, तिचे बाळंतपण करणे, तिचे नाव बाहेर फुटू न देणे आणि मागे राहिलेल्या अर्भकाला सांभाळणे ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. स्वतःला मूलबाळ नसताना परक्यांच्या मुलांना आईची माया दिली, म्हणून त्यांचा गौरव केला जातो. त्या मायेबरोबरच या कामाला कठोर शिस्त लागत होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची, जातीची आणि काही प्रसंगी पोलिसांची नजर सोसण्याची तयारीही लागत होती.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या तीन पत्रांपैकी एक या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. २९ ऑगस्ट १८६८ रोजी माहेराहून, नायगावहून, लिहिलेल्या या पत्रात त्या भागातील एक प्रसंग आहे. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील एक मुलगी यांचे प्रेम जुळले होते. मुलगी सहा महिन्यांची गरोदर होती. हे कळताच गावकऱ्यांनी दोघांना मारहाण करीत वेशीकडे नेले. त्यांचा जीव घेण्याचाच बेत होता. सावित्रीबाई तिथे धावून गेल्या आणि खुनाबद्दल इंग्रज सरकार काय शिक्षा करील याची गावकऱ्यांना जाणीव करून देऊन त्यांनी दोघांना सोडवले. दोघांनी गाव सोडावे, या अटीवर जमाव पांगला. त्या दोघांना सावित्रीबाईंनी जोतीरावांकडे पाठवून दिले. गरोदर स्त्रीला एकाकी पाडणाऱ्या कायद्याच्याच धाकाचा उपयोग त्यांनी येथे एका गरोदर मुलीचा जीव वाचवण्यासाठी केला. केवळ विधवाच नव्हे, तर अविवाहित गर्भवतीही त्यांच्या करुणेच्या कक्षेत होती, हे यातून दिसते.

बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या कामाचा हिशेब १८८४ साली पुढे आला. बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर बेहरामजी मलबारी यांनी त्या वर्षी टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने त्यांवर मते मागवली. जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी पाठवलेल्या उत्तरात आपल्या घराचा अनुभव मांडला. तोपर्यंत ३५ गरोदर विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती आणि ३० दगावली होती. गर्भ लपवण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांची इजा मुलांना पोटातच झाली होती, असे कारण जोतीरावांनी नोंदवले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. या घरी आलेल्या बहुतेक स्त्रियांनी आधी गर्भ पाडण्याचा प्रयत्न केला होता. दंड संहितेतील शिक्षेने त्या उपायांपासून कोणालाही परावृत्त केले नव्हते. तिने एवढेच केले होते की ते उपाय वैद्याच्या देखरेखीखाली न होता अंधारात, अर्धवट माहितीच्या आधारे आणि जिवावर उदार होऊन होत राहिले. फुले दांपत्याच्या घरी पोहोचेपर्यंत अनेकींच्या पोटातील विषाने आपले काम केलेले असे. बाळंतिणीचा जीव वाचवता येई, तिची अब्रू आणि स्वातंत्र्य राखता येई. बहुतेक मुले मात्र हातची जात. सावित्रीबाईंनी वीस वर्षांहून अधिक काळ केलेल्या या शुश्रूषेत मृत्यूचे प्रमाण किती मोठे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या कामाची कठीणता कळते.

याच काळात या प्रश्नाला सार्वजनिक वाचा फुटली होती. १८८१ साली सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्यावर आली आणि पुढे आणखी घटवण्यात आली. वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या अनीतीवर टीकेची झोड उठली, तेव्हा वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध लिहून या अपराधातील पुरुषांचा वाटा कोठे आहे, असा रोखठोक सवाल केला. ताराबाईंवर टीका करणाऱ्यांना जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’मधून उत्तर दिले. सावित्रीबाईंच्या घरात जे गेली दोन दशके घडत होते, त्याचीच ही वैचारिक बाजू होती.

या गृहात जन्मलेल्या एका मुलाने सावित्रीबाईंच्या आयुष्याला नवे वळण दिले. काशीबाई नावाच्या विधवेला १८७४ साली येथे मुलगा झाला. फुले दांपत्याने त्याला दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस नेमले. फेब्रुवारी १८८९ मध्ये ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी यशवंतचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. समाज ज्या मुलाच्या जन्माला कलंक मानत होता, त्याला सावित्रीबाईंनी आपले नाव, शिक्षण आणि संसार दिला. यशवंत पुढे डॉक्टर झाले.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली. भटजीविना आणि हुंड्याविना विवाह लावण्याच्या त्याच्या कामात सावित्रीबाईंचा मोठा वाटा होता. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर भागात अन्नछत्रांच्या व्यवस्थेसाठी फिरल्या. नोव्हेंबर १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या यशवंतच्या हक्काला भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे चालण्यास सुरुवात केली. दत्तकपुत्राच्या जन्माचा प्रश्न पतीच्या चितेपर्यंत आला होता, आणि तिथेही त्यांनी माघार घेतली नाही. त्यानंतर सत्यशोधक समाजाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि १८९३ साली सासवड येथे भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंच्या सांगण्यावरून डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातील प्लेग झालेल्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन या दवाखान्यात आणले. त्यात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच त्यांनी आरंभलेले काम इतरत्र सुरू झाले होते. प्रार्थना समाजाशी संबंधित मंडळींनी १८७५ साली पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. कर्वे यांचे पुत्र रघुनाथ यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्याची किंमत नोकरी गमावून आणि खटले सोसून मोजली. गर्भपातविषयक कायदा मात्र १८६० सालीच थांबलेला होता.

तो बदलण्यासाठी स्वातंत्र्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. असुरक्षित गर्भपातांमुळे होणारे मातांचे मृत्यू लक्षात घेऊन केंद्र सरकारने १९६४ साली शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल दिला. त्याच्या आधारे १९७१ साली वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. स्त्रीच्या जिवाला अथवा शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका असल्यास, तसेच जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग असण्याची शक्यता असल्यास नोंदणीकृत डॉक्टरला ठरावीक मुदतीत गर्भपात करण्याची मुभा मिळाली. बलात्कारातून राहिलेला गर्भ हे मानसिक आघाताचे कारण मानले गेले. गर्भनिरोधक साधन अयशस्वी ठरल्याचे कारण मात्र केवळ विवाहित स्त्रीसाठी होते.

२०२१ च्या दुरुस्तीने ही विवाहाची अट गेली आणि विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गर्भारपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेल्या स्त्रीचा या गटांत नियमांद्वारे स्पष्ट समावेश झाला. स्त्रीची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला कारावासाची तरतूद आली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही या मुदतीचा लाभ नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तथापि मूळ चौकट कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात गर्भपाताचा जुना गुन्हा पुन्हा आला असून १९७१ चा कायदा त्याला अपवाद म्हणूनच उभा आहे. निर्णय स्त्रीचा असला तरी त्यावर मोहोर डॉक्टरची लागते, आणि डॉक्टर जवळ नसेल तर कायद्यातील सवलत तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

छत्तीसगडमध्ये हा अंतराचा प्रश्न ठळकपणे जाणवतो. जंगलपट्ट्यातील विखुरलेल्या पाड्यांतून मान्यताप्राप्त केंद्रापर्यंत जाणे हाच अनेकींसाठी मोठा प्रवास असतो. राज्याने २००२ साली सुरू केलेल्या मितानिन योजनेने गावातीलच एका स्त्रीला आरोग्याची सोबतीण केले. तिचे मार्गदर्शन रायपूर येथील राज्य आरोग्य संसाधन केंद्रातून होत आले आहे. देशभरात पुढे सुरू झालेल्या ‘आशा’ योजनेसाठी हा एक आदर्श ठरला. विश्वासाने बोलता येईल अशी बाई दारापाशी असणे किती मोलाचे असते, हे सावित्रीबाईंच्या घराने दाखवून दिलेच होते.

जुन्या भीतीची छाया मात्र पूर्णपणे सरलेली नाही. छत्तीसगडमधील एका खेड्यात पतीने सोडलेली, एकटी राहणारी एक स्त्री गरोदर होती. गावच्या डबरीत नवजात अर्भकाचे प्रेत सापडले, तेव्हा संशय तिच्यावरच आला. सत्र न्यायालयाने तिला खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिची निर्दोष मुक्तता केली. मृत अर्भकाशी तिचा संबंध जोडणारा पुरावाच नव्हता, आणि ती एकटी राहते एवढ्यावरून तिला दोषी मानणे हा स्त्रीविषयीच्या रूढ समजुतींचा परिणाम आहे, असे न्यायालयाने निकालात स्पष्ट केले.

गोवंडे यांच्या घरच्या त्या विधवेला अंदमानला पाठवल्याला आता १६० वर्षे होऊन गेली आहेत. त्या शिक्षेनंतर सावित्रीबाईंनी दोषाची चर्चा करीत न बसता पुढच्या स्त्रीसाठी खोली, अंथरूण आणि बाळंतपणाची तयारी केली. कायदा बदलण्याचे सामर्थ्य त्यांच्याकडे नव्हते. त्या कायद्यामुळे कोंडीत सापडलेल्या ३५ स्त्रियांना मात्र त्यांच्या घरात जागा मिळाली, आणि त्यांपैकी एकीचा मुलगा डॉक्टर होऊन प्लेगच्या साथीत त्यांच्या शेजारी उभा राहिला.